थ्रीडी प्रिंटर कपाटातून बाहेर काढा

संपादक महोदय,

माझे वडील अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. एखादा पार्ट तुटला की माग बंद, माग बंद की विणकराची मजुरी बंद; पार्ट येईपर्यंत वडिलांना घास गोड लागत नसे. मी आज अवकाशात वस्तू कशा बनवता येतील यावर संशोधन करते, आणि तिथली अडचणही तीच आहे. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरच्या अवकाश स्थानकात पाना हवा असेल, तर पुढचं यान येईपर्यंत थांबायचं? डिसेंबर २०१४ मध्ये पान्याची नुसती संगणकावरची फाईल वर पाठवली गेली आणि स्थानकातल्या थ्रीडी प्रिंटरने, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देत वस्तू बनवणाऱ्या यंत्राने, तो तिथेच तयार केला. जॅकार्ड मागाची नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं पंच करून पाठवली की नक्षी दुसऱ्या कारखान्यात उतरते, तसंच हे.

हे सांगायला गेल्या महिन्यात शहरातल्या एका शाळेत गेले होते. तसाच छापलेला पाना मुलांमध्ये फिरवला. एका अंध मुलाने त्यावरून नख ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, थर लागतायत, चादरीच्या धाग्यांसारखे." मग त्यानेच विचारलं, "तिथे वजनच नाही, तर वितळलेलं प्लास्टिक खाली पडतं कसं?" ते पडत नाही, नोझल, म्हणजे प्रिंटरची बारीक तोटी, ते खालच्या थरावर दाबत जातं, म्हणून चिकटतं. स्थानकात आणि जमिनीवर छापलेले नमुने शास्त्रज्ञांनी मुद्दाम ताडून पाहिले होते ते अशाच शंकेपोटी. फारसा फरक आढळला नाही.

त्या शाळेचा स्वतःचा प्रिंटर मात्र कुलपात होता. मुलं मोडतील म्हणे. मोडू द्या, वडीलही माग खोलूनच शिकले. मे २०२४ मध्ये इस्रोने १४ भागांऐवजी एकाच तुकड्यात छापलेल्या रॉकेट इंजिनाची चाचणी घेतली. ही कामं उद्या आपल्याच मुलांना करायची आहेत.

अंध मुलांनाही यात अडचण नाही. ओपनएससीएडी या वस्तूंचे आकार तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार माऊसने ओढावा लागत नाही, मापं टाईप करायची असतात. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर ती बोलून दाखवतं. दोन्ही मोफत आहेत.

दर रविवारी सकाळी दोन तास मी विनामोबदला यायला तयार आहे. पूर्व भागातल्या मुलांना तेलुगूतूनही सांगेन. शाळांनी फक्त कपाटाची किल्ली द्यावी.

– एक संशोधिका, सोलापूर