दिवास्वप्नं कथेत अडतात कुठे?

संपादक महोदय,

पुरवण्यांतल्या कथांत स्वप्नाळू नायक वरचेवर भेटतो. खिडकीशी बसतो, मनाने कुठल्या कुठे जातो, कुणीतरी हाक मारतं आणि तो भानावर येतो. यालाच अंतर्गत संघर्ष म्हटलं जातं. पण रमण्यामुळे त्याचं काहीच बिघडत नसेल, तर तो निव्वळ विरंगुळा.

अमेरिकी लेखक जेम्स थर्बर यांची ‘द सीक्रेट लाइफ ऑफ वॉल्टर मिटी’ ही कथा (‘द न्यूयॉर्कर’, १८ मार्च १९३९) नवोदितांनी सुटी सुटी करून पाहावी. बायकोबरोबर खरेदीला निघालेला मिटी वाटेत पुन्हा पुन्हा दिवास्वप्नांत हरवतो. सुमारे २,००० शब्दांत ५ दिवास्वप्नं आहेत आणि प्रत्येकाची ठिणगी समोरच पडते. गाडी चालवताना नौदलाचं विमान, रुग्णालयावरून जाताना शस्त्रक्रिया, पेपर विकणाऱ्या पोराच्या आरोळीतून कोर्ट, मासिकातल्या चित्रांवरून युद्ध. शेवटी सिगारेट पेटवून भिंतीला टेकताच समोर बंदुका. शस्त्रक्रियेच्या स्वप्नात डॉक्टर गंभीर चेहऱ्याने रुग्णाला ‘कोरिऑप्सिस’ झाल्याचं सांगतात. ते तर एका फुलझाडाचं नाव! मिटीचं शौर्य ऐकीव आहे, हे लेखक एका शब्दानेही न सांगता कळतं.

क्रमही पाहण्यासारखा. पहिल्या दोन स्वप्नांत तो जिंकतो, तिसऱ्यात आरोपी होतो, चौथ्यात एकटाच जिवावरच्या मोहिमेवर निघतो आणि पाचव्यात त्याला गोळ्या घालायची तयारी झालेली असते. ते पाचवं स्वप्न मोडायला कुणी येत नाही, कथाच तिथे थांबते. एकाच उंचीच्या पराक्रमांची माळ लावणाऱ्या कथा दुसऱ्या स्वप्नापासूनच कंटाळवाण्या होतात, त्या चढउतार नसल्यामुळे.

मराठीत लिहिताना ‘त्याला वाटलं’, ‘जणू’, ‘कल्पनेत’ हे शब्द आधी छाटावेत. वाचक थेट स्वप्नात पडला पाहिजे. स्वप्न वेगळं दाखवायला तिरपा टाइपही नको. आपल्याकडे संबोधनाची फार मोठी सोय आहे. बाहेर ‘अरे, ऐकतोस का’ आणि आत ‘साहेब, आपणच सांगा’ एवढ्याने हद्द आखली जाते. २,००० शब्दांच्या कथेत एका स्वप्नाला १५० ते २०० शब्द पुरतात. त्याहून लांबलं की बाहेर काय चाललं होतं हेच वाचक विसरतो. म्हणून बाहेर एखादं क्षुल्लक पण चालू काम हवं, ज्याचा खोळंबा दिसेल. मिटीला रबरी बूट आणि कुत्र्याची बिस्किटं घ्यायची असतात. बिस्किटांचा त्याला विसर पडतो. कोर्टाच्या स्वप्नात तो सरकारी वकिलाला ‘कुत्र्या’ म्हणतो, त्यावरून ती आठवतात, तो भर रस्त्यात ‘कुत्र्याची बिस्किटं’ असं बोलून जातो आणि एक बाई हसते. स्वप्न बाहेर सांडतं ते असं.

सर्वांत जास्त कथा फसतात त्या वास्तवाच्या बाजूने. कजाग बायको, खडूस साहेब, टोमणे मारणारे शेजारी अशी माणसं उभी केली की वाचक आपसूक नायकाच्या बाजूने जातो आणि लढत एकतर्फी होते. थर्बर यांची मिसेस मिटीही बरीचशी याच साच्यातली आहे, हे मान्य करायला हवं. तरी ती गाडीत ओरडते तेव्हा काटा ताशी ५५ मैलांवर गेलेला असतो आणि ४० च्या वर तिला चालत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तिथे ती बरोबर असते.

आपला,
एक कथावाचक