फाइल चढत नाही, यात अर्जदाराचा काय दोष?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आहेत. मिरजेत आमच्या घराजवळच्या नेट कॅफेवर ‘फोटो, सही, दाखला : केबी कमी करून मिळेल’ अशी पाटी लागली आहे आणि तिथे दिवसभर मुलं-पालक ताटकळलेले दिसतात. फोनवर काढलेला उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो सहज ४ एमबीचा होतो. संकेतस्थळाला तो २०० केबीच्या आत हवा. मोठा दिला की ‘त्रुटी’ एवढंच उमटतं आणि भरलेला अर्ज कोरा होतो.

मी नोड जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) सर्व्हरचं, म्हणजे संकेतस्थळामागच्या संगणकाचं काम करते, फाइल स्वीकारणारा कोड रोज लिहिते. म्हणून ठामपणे सांगते, ही २०० केबीची अट यंत्रामुळे आलेली नाही. ती कोड लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी घातलेली असते.

फॉर्ममधली माहिती आणि फाइल एकाच रिक्वेस्टमध्ये (ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेल्या मागणीत), कप्पे पाडून सर्व्हरकडे येते. नोडवर संकेतस्थळं बांधण्याची एक्सप्रेस ही चौकट स्वतः ते कप्पे उघडत नाही. त्यासाठी बहुतेक जण मल्टर हा तयार कोडचा संच (लायब्ररी) वापरतात. फाइल कुठे ठेवायची हे मल्टरला सांगितलं नाही, तर तो ती अख्खी मेमरीत धरतो. १०० जणांनी एकाच वेळी ५ एमबीच्या फाइली पाठवल्या की अर्धा जीबी मेमरी तिथेच अडकली. शेवटच्या तारखेला सर्व्हर बसतो तो असा, आणि मग उपाय म्हणून अर्जदाराच्या केबीला कात्री लागते. खरा उपाय म्हणजे फाइलचे तुकडे जसे येतील तसे डिस्कवर लिहीत जाणं. नोडचा पिंडच त्यासाठीचा आहे. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड मांडलं, त्यामागच्या प्रेरणांमध्ये ‘फाइल किती चढली’ हे दाखवणारी पट्टी हाही एक प्रश्न होता! फाइल डिस्कवर आली की ‘शार्प’ ही लायब्ररी तो फोटो क्षणात लहान करून देते. कॅफेवाला ज्याचे पैसे घेतो, ते काम सर्व्हरवर चार ओळींत होतं.

मर्यादा हवीच, नाहीतर कुणीही जीबीच्या जीबी ओतेल. मल्टर आपणहून फाइलच्या आकाराला कसलंच बंधन घालत नाही, ते आपणच घालायचं. पण ते १० एमबीचं असू दे. शिवाय नोडच्या पुढे एनजिनएक्स हा रिक्वेस्ट आधी स्वीकारणारा सर्व्हर असेल तर त्याची मुळातली मर्यादा १ एमबी असते. त्याहून मोठी रिक्वेस्ट तो ४१३ (‘फार मोठी’ या अर्थाचा त्रुटी-क्रमांक) म्हणून दारातूनच परत पाठवतो. नोडच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) काहीच दिसत नाही, आणि तंत्रज्ञ फोनवर सांगतो, ‘आमच्याकडून सगळं बरोबर आहे.’

मला सर्वांत खटकते ती ‘फाइलचे नाव इंग्रजीतच द्यावे’ ही सूचना. मल्टरच्या पोटातली बसबॉय ही लायब्ररी फाइलचं नाव मुळात लॅटिन-१ (युरोपीय रोमन अक्षरांची जुनी संकेतपद्धत) समजून वाचते. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी संकेतपद्धत) मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ते सुटे वाचले गेले की ‘उत्पन्नाचा दाखला’ या नावाची डोक्यावर टिंबं-रेघा असलेली अगम्य रोमन माळ होते. तेच बाइट यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचायचे, नाव जसंच्या तसं परत येतं. एका ओळीचं काम! ते टाळून महाराष्ट्रातल्या मुलांना स्वतःच्या भाषेत फाइलला नाव देऊ नका म्हणणं मला सहन होत नाही.

अर्ज कोरा होण्यालाही इलाज आहे. फाइल निवडताक्षणी ती वेगळ्या रिक्वेस्टने आधी चढवून घ्यावी. ती नाकारली गेली तरी लिहिलेला मजकूर जागेवर राहतो, आणि ‘फाइल १० एमबीपेक्षा मोठी आहे’ असं स्पष्ट मराठीत सांगता येतं.

अशी संकेतस्थळं बनवून घेणाऱ्या सरकारी खात्यांना आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे. काम ताब्यात घेण्याआधी आपल्याच एखाद्या कर्मचाऱ्याला साधा फोन घेऊन रेंज कमी असलेल्या गावात पाठवा. मराठी नावाचा ४ एमबीचा दाखला तिथून चढला, तरच कंत्राटदाराचं बिल मंजूर करा.

आपली,
एक प्रोग्रामर, मिरज