अन्नदान रोज हवं, आणि त्याच वेळेला

महोदय,

पुण्यात जेवण कमी पडतं असं कुणी म्हणू नये. मी नारायण पेठेत मेस चालवते, त्यामुळे कुठल्या दिवशी शहरात किती अन्न उरतं हे मला विचारा. पालखी मुक्कामाला असली की पोहे घ्या, केळी घ्या म्हणून लोक मागे लागतात, गणपतीत पुन्हा तेच, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर वाटप, शिवाय वाढदिवसाला बॉक्स घेऊन येणारी मंडळी असतातच (फोटोग्राफरसकट). आणि तरी स्टेशनबाहेर, स्वारगेटला, मंडईच्या मागच्या बाजूला काही माणसं अशी दिसतात की यांच्या पोटात काल काही गेलं असेल का अशी शंका येते. कुणी भर उन्हाळ्यात तीन स्वेटर घालून बसलंय, कुणी एकटंच तासन् तास भांडतंय. मनाचा आजार आहे हे कळायला डॉक्टर लागत नाही.

मला वाटतं की जे काही फुकट किंवा स्वस्त अन्न आहे त्याच्या सगळ्या अटी गरीब पण डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला धरून बनवल्यात. शिवभोजन थाळीच घ्या, 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, योजना म्हणून मला ती खरंच आवडते. पण ती दुपारीच मिळते, तिथे रांगेत उभं राहावं लागतं, नाव सांगावं लागतं, मोबाईलवर फोटो काढून घ्यावा लागतो, आणि ज्याला सगळं जग आपल्यावर पाळत ठेवून आहे असं वाटतं तो माणूस कॅमेरा समोर आल्यावर काय करेल? पळेल. एका केंद्रावर तर अशा बाईला वास येतो म्हणून बाहेर काढताना मी पाहिलंय. रेशनचं तर बोलायलाच नको. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य, आणि 2023 पासून तेही फुकट, पण कार्ड पाहिजे, आधार पाहिजे, मशीनवर अंगठा उमटला पाहिजे. समजा उमटला, तरी फूटपाथवर राहणारा माणूस ते गहू दळणार कुठं आणि पोळ्या लाटणार कुठं?

माझ्या चुलत दिरांना असाच मनाचा आजार आहे (ते घरी आहेत, बरे आहेत), त्यामुळे गोळ्यांचं थोडं कळतं. ओलान्झापीन नावाच्या या आजारावरच्या गोळीने भूक एवढी खवळते की माणूस दिवसभर खा खा करतो. लुरासिडोन ही तशीच दुसरी गोळी, ती जेवणाबरोबरच घ्यायची असते, उपाशी पोटी घेतली तर निम्मीच अंगी लागते. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्याला पाणी आणि मीठ रोज सारखं लागतं, अंगातलं पाणी कमी झालं की तेच औषध विषासारखं चढतं. आता येरवड्याच्या मनोरुग्णालयातून किंवा ससूनमधून गोळ्या मिळाल्या, ज्या अशा लोकांना फुकट मिळायलाच पाहिजेत, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात बेघर माणसाला बीपीएल कार्ड नसलं तरी मोफत उपचार लिहिलेत, तरी त्या गोळ्यांबरोबर खायचं काय? जेवणाचा पत्ता नसेल तर तो औषध सोडतो, मग आजार वाढतो, मग मिळणारं जेवणही नको म्हणतो. यात विष घातलंय असं म्हणून ताट भिरकावणारे मी बघितलेत. आपण म्हणतो माज आहे. माज कसला, तोच तर आजार.

अशांना काय चालतं तर सालासकट केळं, न सोललेलं उकडलेलं अंडं, बंद बिस्किटपुडा, म्हणजे ज्यात कुणी काही घातलेलं नाही हे त्याला स्वतःला दिसतं. आणि देणारा माणूस तोच लागतो, वेळही तीच. रोज नवा चेहरा आला की विश्वास बसत नाही. वर्षातून एकदा पुरी-श्रीखंड वाढून काही होत नाही, उलट बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं, हे वाटप करणाऱ्या मंडळांना कुणीतरी सांगा.

2017 च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 मध्ये पोलिसांचं कामही लिहिलंय. असा माणूस भटकताना दिसला आणि त्याला स्वतःचं बघता येत नसेल तर ताब्यात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. प्रत्यक्षात व्हीआयपी दौरा असला की चौक साफ होतो आणि माणसं दुसऱ्या चौकात दिसतात. निवाऱ्यांचंही तसंच, केंद्राच्या शहरी बेघरांच्या निवारा योजनेत शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, निवाऱ्यात स्वयंपाकाची जागा, गॅस, भांडी आणि मनोरुग्णांसाठी वेगळे निवारे करता येतील असंसुद्धा लिहिलं होतं. महापालिकेने हा वेगळा निवारा कुठं आहे ते एकदा जाहीर सांगावं. कॅनडात 2009 ते 2013 पाच शहरांत अशा लोकांना आधी घर आणि मग उपचार असा मोठा प्रयोग झाला, आणि घरं दिलेले लोक घरात टिकले. आपल्याकडे घर लगेच होणार नाही हे मलाही कळतं.

पण संध्याकाळचं एक गरम जेवण होऊ शकतं ना. वॉर्डात एक ठरलेला माणूस नेमा, पगारी, ज्याला या लोकांची तोंडओळख असेल, त्याच्या सहीवर शिवभोजन केंद्राने फोटो न काढता पार्सल द्यावं, आणि कोण दोन दिवस दिसला नाही हे त्याने दवाखान्याला कळवावं. डबे आमच्यासारख्या मेसवाल्याही देतील, मी एकीने तर आत्ताच हो म्हटलंय, दोघी-तिघी मैत्रिणींनाही विचारलंय. न्यायला माणूस मात्र महापालिकेने पाठवावा. आमचे डबे साडेसातला भरून तयार असतात.

– एक मेसवाली, नारायण पेठ, पुणे