योगशिक्षकाची नजर माइकवरून पोहोचत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

योग दिन झाला की वर्तमानपत्रांत मैदानभर चटया अंथरलेली छायाचित्रे येतात आणि किती हजार लोक जमले याचा आकडा येतो. त्या गर्दीत मीही एकदा होते, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाला मैत्रिणींबरोबर गेले. वय तेव्हा ६१. व्यासपीठ लांब, सूचना माइकवरून. पाठीवर झोपा, दोन्ही पाय एकत्र वर उचला. उचलले. कमरेत अशी उसण भरली की दोघींनी धरून रिक्षात बसवले. पुढचे पाच आठवडे कुशीवर वळायचे तरी घरच्यांना हाक मारावी लागे. माइकवर बोलणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांना मी दिसतच नव्हते.

बरी झाल्यावर शेजारच्या वहिनी मला त्यांच्या योगवर्गाला घेऊन गेल्या. शिक्षक अय्यंगार पद्धतीचे. त्यांनी मला नुसते उभे केले, पुढून-मागून पाहिले आणि म्हणाले, "काकू, तुमच्या चपला आणा बघू." चप्पल उलटी करून दाखवली. डाव्या टाचेची बाहेरची कड पार झिजलेली, उजवी जवळपास नवी. "सगळा भार इथे टाकता. कंबर किती दिवस सोसेल?" त्या दिवशी मी दोनच गोष्टी केल्या. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन भिंतीशी उभी राहिले आणि मग पाठीवर झोपून, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून दहा मिनिटे पडून राहिले. कित्येक दिवसांनी कंबर जमिनीला टेकली. पुढे या पद्धतीच्या अय्यंगार गुरुजींचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक हाती आले, तेव्हा ताडासनाच्या, म्हणजे सरळ उभे राहण्याच्या आसनाच्या, वर्णनातच टाचा कुठे झिजतात ते पाहण्याची गोष्ट सापडली. सरांनी चप्पल का मागितली ते तेव्हा उमगले.

हे पुस्तक १९६६ सालचे. ते लिहिणारे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवायला पुण्यात आले. जन्म कर्नाटकातल्या बेल्लूरचा. लहानपण क्षय, हिवताप, विषमज्वर यांत गेलेले. म्हैसूरला बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे शिकलेले. सहा महिन्यांसाठी आलेला हा मुलगा २०१४ साली, वयाच्या ९५व्या वर्षी, पुण्यातच गेला. दुखणाइताचे शरीर कुठे अडते हे त्यांना स्वतःच्याच शरीरावरून कळले असणार, असे मला राहून राहून वाटते.

दोर, पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या हे त्यांनी वर्गात आणले. काहींना तो आधार म्हणजे पळवाट वाटते. मलाही वाटायची. मग सरांनी सर्वांगासन शिकवले, म्हणजे खांद्यांवर भार देऊन पाय सरळ वर. ब्लँकेटांच्या चौकोनी घड्या एकावर एक, घडीची गोल, बंद बाजू मानेकडे. खांदे घड्यांवर, डोके खाली जमिनीवर. एवढ्या चार बोटांच्या उंचीने मान मोकळी राहते, घशावर दाब येत नाही. घडी वाकडी असेल तर सर पाय उचलूच देत नाहीत. त्रिकोणासनातही तसेच. हात जमिनीपर्यंत नेण्याच्या नादात मी छाती खाली पाडत होते. हाताखाली वीट आली आणि छाती उघडली. ज्याचा हात पोहोचत नाही त्यालाही ते आसन खऱ्या अर्थाने करता यावे, यासाठी ही वीट.

जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन १९५२ साली मुंबईत त्यांना भेटले आणि पुढे त्यांनी अय्यंगारांना युरोपात नेले. 'माझा सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक' असे कोरलेले घड्याळ त्यांनी गुरुजींना दिले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या योगसंस्थेत गुरुजी आणि त्यांची कन्या गीताताई दुखणी घेऊन आलेल्या साध्यासुध्या माणसांसाठीही तासन् तास खपत, हे मला त्याहून मोठे वाटते. ही संस्था १९७५ साली सुरू झाली, तिला नाव गुरुजींच्या दिवंगत पत्नी रमामणी यांचे. गुरुजी अतिशय कडक होते, वर्गात ओरडत. पण कडक नजरेलाही आधी माणूस दिसावा लागतो.

आता आमच्या सरांबद्दल. पहाटे पाचला त्यांची स्कूटर निघते. दिवसाला तीन वर्ग, तीन वेगवेगळ्या जागा, प्रत्येक जागेचे भाडे खिशातून. पावसाळ्यात आणि दिवाळीत माणसे गळतात, पण भाडे चुकत नाही. ते स्वतः तापाने पडले तर त्या दिवसांचे पैसे नाहीत. शिकवायची परवानगी मिळण्याआधी त्यांनी कित्येक वर्षे शिकण्यात घालवली, अजूनही शिकत आहेत. दुसरीकडे चार आठवड्यांचा अभ्यासक्रम करूनही प्रमाणपत्र मिळते. साठीच्या बाईने यातला फरक कसा ओळखावा? मी तो कमरेने ओळखला, तशी पाळी कुणावर येऊ नये.

योग दिन बंद करा असे मी म्हणत नाही. मुले चटई घेऊन मैदानावर जातात हे बघायला मला आवडते. पण एका सकाळच्या मांडवावर, ध्वनिक्षेपकांवर आणि टी-शर्टांवर होणारा खर्च महापालिकेने वर्षभराच्या वर्गांकडे वळवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. एका वर्गात वीस-पंचवीस माणसे, त्याहून जास्त नकोत. गुडघेदुखीचे, पाठदुखीचे, बाळंतपणानंतरचे, ज्येष्ठांचे वेगळे वर्ग असावेत. शिक्षक पारखून घ्यावेत आणि त्यांना तासाच्या हिशेबाने नव्हे, महिन्याच्या पगारावर नेमावे. पालिकेच्या शाळांत चित्रकलेला शिक्षक असावा असे आपल्याला वाटते, तसा योगालाही असावा.

जागेची अडचण कुणी सांगू नये. आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात तीस खुर्च्या आहेत, सतरंज्या आहेत, एका बाजूला लांबलचक मोकळी भिंत आहे. सकाळी अकरा ते दुपारी चार तिथे कुलूप असते.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे