अवघड भाषांची यादी नक्की कुणाच्या मापाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत परवा जगातल्या सगळ्यात अवघड भाषांची यादी आली होती. तशी ती दर वर्षा-दोन वर्षांनी कुठे ना कुठे येतेच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर बारा महिने फिरत असते. वरती चिनी, जपानी, अरबी, कोरियन, खाली स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, आणि प्रत्येकीपुढे तासांचा आकडा. मी वाचून सोडूनही दिली असती, पण त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला, "मावशी, जपानीचं कॅन्सल, मी फ्रेंच घेते, जपानीला २२०० तास लागतात आणि फ्रेंचला ७५०, मग तिप्पट वेळ कशाला घालवू?" दोन महिने आनंदाने हिरागाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं, गिरवणाऱ्या मुलीने एका चौकटीतला आकडा बघून वही मिटली. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

आधी हे आकडे येतात कुठून ते सांगते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, तिथे त्यांच्या अधिकाऱ्यांना परदेशात पोस्टिंगच्या आधी भाषा शिकवतात. कोणत्या भाषेला वर्गात किती आठवडे लागतात हे त्यांनी अनुभवावरून ठरवलंय. स्पॅनिश-फ्रेंचला साधारण ६०० ते ७५० तास, जर्मनला ९०० च्या आसपास, हिंदी, रशियन, फारसी वगैरेंना ११००, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबी यांना ८८ आठवडे म्हणजे २२०० तास. आकडे खोटे नाहीत, त्या संस्थेचं काम चांगलंच आहे. पण ते आकडे ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसाचे आहेत! ही एक ओळ यादी छापताना दरवेळी गळते आणि सगळा घोळ तिथेच होतो. त्याच यादीत हिंदीला ११०० तास आहेत, म्हणजे स्पॅनिशपेक्षा कितीतरी अवघड. आता मला सांगा, मराठी माणसाला हिंदी स्पॅनिशपेक्षा अवघड जाते का? हिंदीच्या बाबतीत जी यादी आपल्याला उघड उघड लागू होत नाही, ती जपानीच्या बाबतीत आपण डोळे मिटून का मान्य करतो?

मी स्वतः आधी जर्मन शिकले, मग बऱ्याच वर्षांनी जपानी, आणि मधे थोडी स्पॅनिश, रशियन, इंडोनेशियन अशी हौसेने चाखून बघितली. पंडित वगैरे नाही. पण जपानीच्या पहिल्याच महिन्यात जे वाटलं ते अजून विसरले नाही, की अरे, ही तर आपल्यासारखीच बोलते. "वाताशी वा तोमोदाची तो एकी मादे आरुइता" या वाक्याचं मराठी करायचं तर शब्द हलवावेच लागत नाहीत: मी, मैत्रिणीबरोबर, स्टेशनपर्यंत, चालले. 'तो' म्हणजे बरोबर, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'कारा' म्हणजे पासून, आणि सगळे आपल्यासारखेच शब्दाच्या मागे चिकटतात, क्रियापद शेवटी. इंग्रजी माणसाला हे सगळं उलटं करून बोलायला शिकावं लागतं आणि त्याचे शेकडो तास त्यातच जातात. आपले जात नाहीत. "किनो कात्ता होन" म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, तसंच्या तसं, तिथे इंग्रजीला पुस्तक आधी आणून मग "जे मी काल घेतलं" अशी शेपटी लावावी लागते.

आणि त्याहून गंमत म्हणजे जोडक्रियापदं. आपण म्हणतो करून बघ, वाचून बघ. जपानीत 'यात्ते मिरु', 'योंदे मिरु', आणि 'मिरु' म्हणजे बघणे, अक्षरशः बघणे! 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे, 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणे. 'शिते शिमाऊ' म्हणजे करून टाकणे, आणि आपल्या 'टाकणे' मधे जी "झालं बाई एकदाचं" किंवा "अरेरे, करून बसलो" अशी छटा असते ती पण त्यात आहे. हे इंग्रजी पुस्तकातून शिकवतात तेव्हा दोन दोन पानं नियम लिहिलेले असतात, मराठीतून शिकवलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा, "इकिमास का?" म्हणजे "जाता का?", आणि दुजोरा हवा असेल तर 'ने', "ई देस ने" म्हणजे "छान आहे ना". हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचं काही नातं नाही, पण शिकणाऱ्याला त्याने काय फरक पडतो, त्याच्या जिभेवर ते आधीपासून बसलेलंच असतं. छाती धडधडते तर ते म्हणतात 'दोकी दोकी', वस्तू चकचकीत असेल तर 'पिका पिका', पाऊस धो धो पडतो तर 'झाझा'. असे शब्द आपण रोज वापरतो म्हणून आपल्याला ते बालिश वाटत नाहीत. आणि अक्षरांचा क्रम बघा, आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा, हा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच तिकडे गेलाय, बौद्ध भिक्षू संस्कृतची अक्षरं शिकत होते त्यातून.

मग जपानी सोपी आहे का? नाही, आणि मला तसं भासवायचंही नाही. कांजी म्हणजे ती चिनी चित्राक्षरं, सरकारमान्य यादीत २१३६ आहेत, बहुतेकांचे उच्चार दोन किंवा जास्त, आणि तिथे मराठी काही कामाला येत नाही, बसून गिरवावंच लागतं, वर्षानुवर्षं. माझंही अजून संपलेलं नाही. पण बोलायला अवघड आणि लिहायला अवघड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि यादीत दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेलं असतं. भाचीला सहा महिन्यांत बोलता येण्याचा जो आनंद मिळाला असता तो तिच्यापासून त्या आकड्याने काढून घेतला.

कोरियनचं तर लिपीचंही संकट नाही. हांगुल १४४३ साली सेजोंग राजाने तयार करवली आणि १४४६ मधे लोकांसमोर आणली, लोकांना सहज लिहिता वाचता यावं या एकाच हेतूने. २४ मूळ अक्षरं, त्यांचे ठोकळे करायचे, आपण जोडाक्षरं लिहितो त्या डोक्याला हे अजिबात जड जात नाही. वाक्याची रचना परत आपल्यासारखीच. तरी तिच्यापुढेही २२०० च.

चिनीबद्दल जपून बोलते कारण मी ती शिकलेले नाही, नुसती तोंडओळख. सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, असे चार सूर आणि पाचवा हलका, ते आपल्यालाही नवे, अक्षरांचा डोंगर तर आहेच. पण आपण प आणि फ, त आणि थ, क आणि ख वेगळे ऐकतो, बोलतो, आणि चिनीत नेमका हाच फरक महत्त्वाचा आहे. रोमन लिपीत तो फरक बी-पी, डी-टी असा लिहितात म्हणून इंग्रजीवाले गोंधळतात, देवनागरीत लिहिला तर लख्ख दिसतो. शिवाय आपल्याकडे दोन च आहेत, 'चार' मधला वेगळा आणि 'चांगला' मधला वेगळा. हा दुसरा च इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, हिंदीवाल्यांकडेही नाही, पण चिनीत आहे, जपानीत 'त्सुनामी' मधे आहे, जर्मनमधे 'त्साइट' म्हणजे वेळ यात आहे, रशियनमधेही आहे. इतकी वर्षं आपण हा च फुकट बाळगून आहोत आणि त्याची किंमत कुणी सांगितली नाही.

आता जर्मन. लोक घाबरवतात की बाप रे तीन लिंगं. अहो आपल्याला तीनच आहेत की! डेर, डी, डास ऐकून इंग्रजी पोराला "वस्तूला लिंग कसं काय" इथूनच सुरुवात करावी लागते, आपल्याला तो-ती-ते जन्मापासून. पुस्तक ते आणि 'बुख' पण ते, घर ते आणि 'हाउस' पण ते, मूल ते आणि 'किंट' पण ते. मात्र दार आपल्याला ते, त्यांना ती, खिडकी आपल्याला ती, त्यांना ते, त्यामुळे पाठांतर टळत नाही, फक्त कल्पना परकी वाटत नाही. एकवीस म्हणताना आपण एक आधी बोलतो आणि वीस नंतर, जर्मनमधे पण 'आइन-उंड-त्स्वांत्सिश', एक आणि वीस. "मला थंडी वाजते" यात आपण कर्ता होत नाही, थंडी मला वाजते, तसं जर्मनमधे 'मीर इस्ट काल्ट', मला आहे थंड. स्पॅनिशमधे 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं, "मी आवडतो" असं नाही, यावर इंग्रजी पाठ्यपुस्तकात आख्खा धडा असतो आणि आपल्याला त्यात शिकण्यासारखं काही सापडतच नाही.

रशियनचा एक नमुना देऊन पुढे जाते: "ओन बिल, ओना बिला, ओनो बिलो." तो होता, ती होती, ते होतं. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. सहा विभक्त्या आहेत, पण शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केलेल्याला विभक्ती म्हणजे काय हे तरी समजवावं लागत नाही. अरबीत दोन जणांसाठी वेगळं द्विवचन आहे, ज्याने शाळेत "रामः रामौ रामाः" म्हटलंय तो त्याला दचकणार नाही. 'तू लिहितोस' आणि 'तू लिहितेस' हा फरकही अरबी करते. बाकी अरबीचे घशातले उच्चार, ऱ्हस्व स्वर न लिहिण्याची पद्धत आणि पुस्तकी भाषा एक, बोलायची भाषा दुसरी, हे कष्ट मात्र आपल्यालाही आहेतच.

आणि जी भाषा कुणीच सुचवत नाही ती म्हणजे इंडोनेशियन. रोमन लिपी, लिंग नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, अनेकवचन हवं तर शब्द दोनदा म्हणायचा, 'बुकु-बुकु' म्हणजे पुस्तकं. भाषेला 'बहासा', पृथ्वीला 'बुमी', माणसाला 'मानुसिया', नवऱ्याला 'सुआमी' म्हणजे स्वामी, बायकोला 'इस्त्री' म्हणजे स्त्री, पापाला 'दोसा'. आणि ज्या गोष्टीने मी खरंच उडाले ती ही की 'कामी' आणि 'किता' असे 'आम्ही' साठी दोन शब्द आहेत, कामी म्हणजे तुला सोडून आम्ही, किता म्हणजे तुला धरून, म्हणजे आपलं आम्ही आणि आपण! इंग्रजीवाल्याला हे समजावायला घाम फुटतो.

याची दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. युरोपीय भाषांमधे आपल्याला जिथे खरंच अडतं ते म्हणजे आर्टिकल. आपल्या भाषेत ती वस्तूच नाही, म्हणून दहा दहा वर्षं इंग्रजी शिकूनही 'अ' आणि 'द' चुकतात, आणि फ्रेंच-जर्मनमधे तेच दुखणं लिंगासकट परत येतं. रशियन, जपानी, चिनी, कोरियन यांच्यात आर्टिकल नाही, पण हा दिलासा कुठल्या यादीत छापलेला मी बघितला नाही. फ्रेंचमधे लिहायचं एक आणि बोलायचं एक, 'पार्ल' हा एकच उच्चार तीन वेगळ्या स्पेलिंगांनी लिहितात, देवनागरीत वाढलेल्या डोळ्याला ते फार छळतं. उलट ज्याचं इंग्रजी पक्कं आहे त्याला फ्रेंचचे हजारो शब्द फुकट मिळतात हेही खरंच आहे. भाचीने फ्रेंच घ्यायला माझी ना नाही, तिला ती आवडत असेल तर जरूर घ्यावी, माझं म्हणणं फक्त एवढंच की ती चुकीच्या पट्टीने मोजून घेऊ नये.

संपादक महोदय, आपल्याकडे भाषांचे क्लास बहुतेक इंग्रजीतून चालतात, पुस्तकं इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे शिकवणाऱ्यालाही सुचत नाही की 'यात्ते मिरु' म्हणजे 'करून बघ' एवढं फळ्यावर लिहिलं की झालं. मी ज्या क्लासला जपानी शिकले तिथे मी एकदा हे बोलून दाखवलं तर "वर्गात मराठी नको" असं उत्तर मिळालं होतं, ते अजून लागतं. बाकीच्या मुलांची त्याच धड्यावर तीन आठवडे ओढाताण चालली होती.

तेव्हा दोन विनंत्या. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा वरती ठळक अक्षरात "हे तास इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचे" एवढी ओळ टाकावी. आणि दुसरं म्हणजे, आपल्या वाचकांत कोरियन, रशियन, फारसी, अरबी नीट शिकलेले लोक नक्की असतील, त्यांना मराठी माणूस म्हणून कुठे सोपं गेलं आणि कुठे अडलं ते लिहून पाठवायला सांगावं, आणि ते छापावं. भाचीला मी फोनवर यातलं काहीच नीट सांगू शकले नाही, तिच्या क्लासची वेळ झाली होती. पत्र छापलंत तर कात्रण तिला पाठवेन.

आपली,
एक नियमित वाचक