मेन कॉक कुठंय ते आधी बघ

सोनू,

परवा लाईट गेली आणि मोबाईल ५ टक्क्यांवर, म्हणून तू अंधारात बसून होतीस म्हणालीस ना, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. फोनवर सांगितलं तर "हो गं आई" करून सोडून देशील, म्हणून लिहूनच पाठवतेय.

तू आठवीत असताना बेसिनखालचा पाईप सुटला होता, आठवतंय? बाबा बादल्या लावतायत, मी चादरी टाकतेय, आणि मेन कॉक कुठंय ते दोघांनाही माहीत नाही! सापडला तर तो असला जाम, कित्येक वर्षं कोणी हातच लावला नव्हता, शेवटी फडकं गुंडाळून दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे हलला, तोवर पाणी हॉलमधे. आता मी दोन-तीन महिन्यांनी तो एकदा बंद-चालू करते, बाबा हसतात, हसू देत.

तर पाण्याचा कॉक, लाईटचा मेन स्विच, गॅस कुठून बंद होतो, हे नुसतं बघू नकोस, हाताने करून बघ. टॉर्च उशाशी ठेव, झोपल्या झोपल्या हात लांबवला की मिळेल अशी. नंबर कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटव, मोबाईल बंद पडला की एकही पाठ नसतो (मला तर तुझाही नाही, खरं सांगते).

भाजलं तर बर्फ नको, टूथपेस्ट तर अजिबातच नको, नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच वाटतं की झालं आता. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नकोस, पाणी तेलाखाली जातं, त्याची एकदम वाफ होते आणि पेटतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद कर, वरून झाकण सरकव, आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडून डोकवायचं नाही, तुझी सवय माहितीये मला. गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबू नकोस, चालूही नाही आणि बंदही नाही, एक्झॉस्टसुद्धा नाही, ठिणगी तिथेच पडते. खिडक्या उघड, बाहेर पड, फोन बाहेर जाऊन कर.

आणि लाईट गेली की फ्रिज सारखा उघडू नकोस, बंद असला तर ४ तास तरी गार राहतो.

शनिवारी येतेय. आल्या आल्या मेन स्विच पाडणार आणि तुला टॉर्च शोधायला लावणार, सांगून ठेवते.

आई