ती घडी मोडू देऊ नका

प्रिय अव्या,

गुडघा आहे तसाच आहे, बीपी गोळीवर. थेट मुद्द्यावर येतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "घडीच ना, इस्त्री मारा" म्हणतील. आणि इथे नेमकं तेच चाललंय.

चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांतला तो निळा-नारिंगी फुलांचा रेशमी तुकडा प्रदर्शनात लागणार. मधली उभी घडी मांडणीवाल्यांना वाफ देऊन सपाट करायची आहे, "मळकट दिसते" म्हणून. अरे, ती घडी हाच तर पुरावा! चीनच्या तांग काळातलं जियाशिए, म्हणजे ठशांत आवळून रंगवलेलं कापड, आहे हे सांगणार कोण दुसरं? रेशीम घडी घालून दोन कोरीव लाकडी ठशांत आवळायचं. ठशांवरच्या उंच कडा समोरासमोर टेकतात, तिथे रंग शिरत नाही. खोलगट कप्प्यांत मात्र ठशाच्या पाठीकडच्या भोकांतून रंग जातो, नको त्या भोकाला बूच. म्हणून एकाच कापडावर दोन-तीन रंग. आवळणी ढिली पडली की रंग कडेखालून झिरपतो. आपल्या तुकड्यात डावीकडच्या पाकळीचा निळा जिथे बाहेर सांडलाय, तिथेच बरोबर उजवीकडच्या पाकळीचाही सांडलाय. घडी मोडलीत तर हा जोड पाहणाऱ्याला दाखवणार कसा?

तू त्याला बाटिक म्हणाला होतास, आठवतंय ना? नानांपुढे! मेणाला भेगा पडतात, त्यांतून रंगाच्या बारीक शिरा उमटतात. इथे एकही शीर नाही. बांधणी म्हणावी तर कडा धूसर हव्यात आणि गाठीच्या सुरकुत्या हव्यात, त्याही नाहीत. हा वाद मी जिंकलो होतो, पुन्हा उकरू नकोस.

खरी धास्ती नारिंगीची आहे. त्यात करडईचा लाल असेल तर संपलंच. करडईच्या फुलांतला पिवळा आधी साध्या पाण्यात धुऊन काढतात, मग राखेच्या क्षारी पाण्यात लाल सुटतो आणि आंबट घातलं की तो रेशमावर बसतो. म्हणजे क्षार लागला की बसलेला लालही परत सुटणार. वाफेचं पाणी थेंब होऊन पडलं, त्यात वर्षानुवर्षांच्या धुळीतला क्षार उतरला, की लाल सरळ पांढऱ्या कडांत. निळीला काही होत नाही, ती ढिम्म. शिवाय ओल जिथे थांबते तिथे मळ गोळा होतो आणि सुकल्यावर तपकिरी रेघ राहते, ती कायमची. आणि घडीवरचे धागे आधीच ठिसूळ, उलटे वाकवले की तुटणार.

माझं म्हणणं एवढंच: आधी आतल्या बाजूच्या एका सुट्या धाग्याला ओलसर टिपकागद लावून भिंगाखाली बघा, रंग उतरतो का. मग घडी आहे तशी ठेवून उतरत्या पाटावर मऊ आधार द्या, वरून रेशमी क्रेपलिन (ते विरळ, आरपार दिसणारं कापड), टाके फक्त आधाराच्या कापडातून किंवा धाग्यांमधल्या फटीतून. उजेड 50 लक्स, करडईला तोही जास्तच. यावर उत्तर मिळालं: "लोकांना सपाट आवडतं." लोकांना वडापावही आवडतो.

दुनहुआंगहून हा माल आणणाऱ्या ऑरेल स्टाइनच्या त्या मोहिमेचा तीन पंचमांश खर्च हिंदुस्थान सरकारने दिला होता, म्हणून 1907 च्या मालाचा मोठा वाटा दिल्लीला आला. वाटणीत हा तुकडा घडीवरच कापला नाही हे नशीब. तेही सुचलं असतं कुणाला तरी.

चीनमध्ये वेनजौकडे निळीचं जियाशिए अजून करतात. आवळलेले ठसे पिंपात बुडवायचे, वर काढून हवा द्यायची, पुन्हा बुडवायचे. तिथल्या कारागिराला हा तुकडा दाखवला तर तो पहिली घडीच शोधेल.

चिंगीला ॲडमिशन मिळाली म्हणे, शाब्बास! फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींना नमस्कार.

बुधवारी बैठक आहे. त्याआधी तुझे ते घडीचे तिरप्या उजेडातले फोटो पाठव, मोठ्या साइजमध्ये. व्हॉट्सॲपवर नको, बारकावे जातात.

तुझाच,
बंड्या